एकाच खेपेत काम

नववा महिना, चार तारीख

आई,

तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. तान्ह्या म्येनम्येनचं नाक चोंदतं, म्हणून. झोपली की तिचा श्वास घरघरतो, मग मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. बोटाला वारा लागला की बरं वाटतं. थोड्या वेळाने परत भीती वाटते, परत बोट धरते. अशी सकाळ होते. एवढंच आहे. काळजी करू नको.

पंगकाका, तुम्हीच वाचताय ना हे? दुकानात माणसं असतील तर आधी त्यांना तेल-मीठ देऊन वाटेला लावा, मग आईला वाचून दाखवा. आणि कार्डांवर लिहिलंय म्हणून हसू नका. मी झाडू मारते त्या लायब्ररीत आधी लाकडी खण होते, एका पुस्तकाला एक कार्ड. आता नवी इमारत झाली. पुस्तक कुठे आहे ते भिंतीवरचा पडदा सांगतो आणि एक पांढरं यंत्र घरंगळत जाऊन ते घेऊन येतं. कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा मी एक गठ्ठा उचलला. मागची बाजू कोरी आहे. पुढच्या बाजूला डुकरं कशी पाळावीत, विहिरीला पाणी कसं लागतं असं काही काही छापलंय, ते वाचू नका. नाहीतर आई म्हणेल पोरगी शहरात जाऊन विद्वान झाली. कोपऱ्यात मी आकडे घातलेत, त्या क्रमाने वाचा.

आई, तू म्हणशील फोन का नाही केला. माझा फोन बंद आहे. बिघडला नाही, त्यांनी बंद केला. माझ्याबरोबर कामाला छ्याओ मावशी आहे, तिच्या फोनवरून तुला चार वेळा लावला, वाजतच नाही. छ्याओ मावशी म्हणते, फसवणूक थांबवायला पोरं घरोघर येऊन म्हाताऱ्यांच्या फोनवर परप्रांताचे नंबर अडवून जातात. तुझ्याकडे आली होती का अशी पोरं? तू त्यांना चहा पण दिला असशील.

झालं असं. लायब्ररीच्या दारात फाटक आहे. समोर उभं राहिलं की ते चेहरा बघतं, बाईच्या आवाजात "सुप्रभात, लुंग छुन्येन" म्हणतं आणि उघडतं. दोन वर्षं रोज सकाळी सहा वाजता म्हणतंय. मागच्या सोमवारी मी बादली घेऊन उभी राहिले तर म्हणालं, अशी व्यक्ती नाही. मी टोपी काढली. केस मागे केले. मावशी म्हणाली, "अगं हस जरा, तू मेल्यासारखं तोंड केलंस तर ते कसं ओळखेल?" हसले. अशी व्यक्ती नाही. दुपारपर्यंत फोन गेला, फोनमधले पैसे अडकले, संध्याकाळी मुकादम म्हणाला कागद नीट झाला की ये.

काहीतरी चूक असेल. उद्या सरकारी हॉलमध्ये जाते. तुझ्या जावयाची, बिंगहायची, बोट अजून समुद्रात आहे, माखुल मासे पकडायला गेलेले लोक दोन दोन वर्षं येत नाहीत, तुला सांगितलंच होतं.

आपल्या धाकट्याला, रुइशंगला, यातलं काही कळवू नको. पोराला नवी नोकरी आहे.

तुझी दुओदुओ


नववा महिना, एकोणीस तारीख

आई,

मागच्या कार्डात खोटं लिहिलं. म्येनम्येनचं नाक चोंदलेलं नाही. तिच्या काळजाला भोक आहे. दुकानात कोण कोण ऐकत असेल म्हणून लिहिलं नाही. आता लिहिते, ऐकू दे कोणाला ऐकायचं ते.

रडली की ओठ पिकल्या तुतीसारखे होतात. दूध ओढताना मध्येच थांबते, डोंगर चढून आल्यासारखी धापा टाकते. सात महिन्यांची आहे आणि वजन चार महिन्यांच्या पोराएवढं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भोक शिवता येतं, मोठ्या शहरात, पण वर्षाचा बारावा महिना लागायच्या आत. त्यानंतर छाती आतून अशी बिघडते की शिवून काही उपयोग नाही. मी विचारलं, "थोडं मागेपुढे?" त्या म्हणाल्या, "मागे नाही."

त्यासाठी तिचं नाव घराच्या सरकारी नोंदवहीत हवं. नावाशिवाय मोठ्या इस्पितळात खाट मिळत नाही. मी आधीच करायला हवं होतं, बिंगहाय आल्यावर करू म्हणून राहिलं. त्याच्या नावावर करा म्हटलं तर तो स्वतः समोर हवा, त्याचा चेहरा हवा. कंपनीने बोटीवर निरोप धाडला. उत्तर आलं, काळजी घे म्हणून. बोट काही पोरीसाठी वळत नाही. म्हणजे मीच राहिले. आणि मी नाही असं यंत्र म्हणतंय.

हॉल नवीन आहे, लायब्ररीच्या शेजारीच. आत फरशी इतकी चकचकीत की झाडूवालीचा जीव निवतो. आधी सात ऑफिसं होती सात गल्ल्यांत, आता सगळी एका छताखाली आणली. दारातच भिंतभर लाल अक्षरं, "एकाच खेपेत काम". खाली एक बुटकं यंत्र फिरतं, डोळे मिचकावून विचारतं, मी आपली काय सेवा करू. म्येनम्येन त्याला बघून हसते. माझ्या चार खेपा झाल्यात.

सात नंबरच्या खिडकीत शन नावाची मुलगी असते, माझ्याहून लहान. वाईट नाही. आधीच्या तीन खेपांत तिने वर विचारून बघते म्हणून सांगितलं. चौथ्या खेपेला आवाज खाली करून म्हणाली, "ताई, तुम्ही मयत आहात."

"म्हणजे?"

"लुंग छुन्येन दोन हजार चार साली मयत. तुमच्या गावाकडच्या तालुक्यात जुने कागद यंत्रात घालतायत ना, लायब्ररीवाले, गावोगावच्या वह्या. त्यातून निघालं. यंत्राने नाव जुळवलं आणि बंद केलं."

आणि तिने पडदा माझ्याकडे वळवला. तसं करायची त्यांना परवानगी नसते. गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीचं पान होतं, कडेला उंदराने खाल्लेलं. लुंग छुन्येन, मुलगी, वय नऊ, तळ्यात बुडून, सहावा महिना. खालच्या रेघेला लांब शेपटी काढलेली.

पंगकाका, तुमचं अक्षर.

तुम्ही तेव्हा गावचे कारकून होता. पोलीस चौकीत तुम्ही कळवलं नाहीत, बाबांनी पाय धरले म्हणून. पण वहीत लिहून ठेवलंत. मी चिडले नाही काका. नऊ वर्षांची पोर मेली तर कुठेतरी एक ओळ लिहायला पाहिजेच. पण ते अक्षर एकदम समोर आलं, आणि शनने विचारलं, "ही कोण?" आणि माझ्या तोंडून गेलं, "माझी मोठी बहीण."

शनने डोळे मिटले. म्हणाली, "ताई, हे का बोललात? चूक आहे म्हणाला असतात तर मी चूक दुरुस्तीचा अर्ज भरला असता. दहा दिवसांत तुम्ही जिवंत." मग तिने बोट वर केलं. प्रत्येक खिडकीवर एक काळा डोळा आहे, बोललेलं सगळं साठवतो.

मी म्हटलं, "पुसता येत नाही?"

"पुसता आलं असतं तर तुमच्या गावच्या वहीतली ती ओळ आज निघाली असती का?"

एकवीस वर्षं मी एकदाही चुकले नाही आई. कारखान्यात नाही, लग्नाच्या नोंदणीत नाही, बाळंतपणात कळा येत असताना नाव विचारलं तेव्हा पण छुन्येन म्हणाले. आणि त्या बाईसमोर खरं बोलले. ताईचं नाव तसं लिहिलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. तिला आपण दगड पण लावला नाही.

निघताना शन म्हणाली, "ताई, खिडकीवरचं बटण दाबाल का? सेवा कशी वाटली ते. नाही दाबलं तर आमचे गुण जातात." मी "अतिशय समाधानी" दाबलं. तिची काय चूक?

आई, तू तालुक्याच्या चौकीत जायला पाहिजेस. पुढच्या कार्डांत लिहिते काय करायचं ते. म्येनम्येन उठली.

दुओदुओ


दहावा महिना, नऊ तारीख

आई,

सुट्टीचा आठवडा होता, सगळं बंद होतं. काल हॉल उघडला, काल तुझं पत्र पण छ्याओ मावशीच्या पत्त्यावर आलं. सुक्या मिरच्या पोचल्या. चिठ्ठी पण पोचली.

"तुझी आई सांगते, रुइशंगचं कच्च्या नोकरीचं वर्ष वसंताच्या सणापर्यंत आहे. तोवर घरच्यांचे कागद तपासतात. सण झाला की ती चौकीत जाईल. तोवर गप्प राहा. पोरीला कोमट पाणी पाज."

त्याखाली पंगकाकांनी बारीक अक्षरात लिहिलंय, "सांगितलं तसं लिहिलं."

कोमट पाणी पाजते आई.

सण दुसऱ्या महिन्यात आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात बारावा लागायच्या आत. तुला बोटांवर मोजता येतं. अंडी विकताना तू कधी चुकली नाहीस.

मला माहीत आहे रुइशंगने किती अभ्यास केला. सरकारी परीक्षेला एका जागेला तीनशे पोरं बसली होती, त्यातून तो निघाला. पत्र आलं त्या दिवशी तू तळ्यापर्यंत फटाके लावलेस. मला पण आनंद झाला, मी लायब्ररीत सगळ्यांना संत्री वाटली. माझा भाऊ आता सरकारी कचेरीत बसतो म्हणून. आता आईने चौकीत जाऊन सांगितलं की मेलेल्या पोरीच्या नावावर दुसरी पोर चालवली, तर त्याची फाईल डागाळेल, हे मला कळतं. मी मूर्ख नाही. दुसरी-तिसरी शिकलेली असले तरी.

शिकले पण कुठे? सगळं आठवतं मला. घराला दोनच पोरं मंजूर होती, त्यात रुइशंगची जागा मोकळी राहावी म्हणून मी कागदावर जन्मलेच नाही. पोरं मोजायला पाहणीवाले आले की तू मला रताळ्याच्या खड्ड्यात उतरवायचीस, वर पेंढा. तिथे ताई माझ्यासाठी भाजलेलं मक्याचं कणीस टाकायची आणि वरून म्हणायची, "उंदीर, ए उंदीर, जेवलास का?" मग ती बुडाली. आणि आठ दिवसांनी तू मला तिचा लाल सदरा घातलास आणि शाळेत तिच्या बाकावर नेऊन बसवलंस. तिसरीत. मला अक्षर ओळख नव्हती. मास्तरांनी हजेरी घेतली, "लुंग छुन्येन", आणि कोणी बोललं नाही. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. तू मागे दारात उभी होतीस. मी "हजर" म्हटलं.

आख्ख्या गावाला माहीत होतं. म्हणून कोणाला ते खोटं वाटलंच नाही. गावात अशा अजून दोघी होत्या. एक नाव फुकट जाऊ द्यायचं कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. एकट्या रुइशंगला माहीत नाही, तो तेव्हा रांगत होता. त्याला वाटतं दुओदुओ हे माझं लाडाचं नाव. दुओदुओ म्हणजे जास्तीची, अशी कोणी लाडाने हाक मारतं का?

जाऊ दे. काय करायचं ते लिहिते. शनने मला एका कागदावर काढून दिलं, कारण बोललेलं साठतं. ज्यांची नोंदच कधी झाली नाही त्यांच्यासाठी वाट आहे. सरकारने ती केलीय, अशा मुली पुष्कळ निघाल्या म्हणून. तू तालुक्याच्या चौकीत जायचं. एक तासाची बस. तिथे बोटातून रक्त घेतील. मी इथे देईन. यंत्र दोन्ही जुळवून सांगेल मी तुझी आहे. मग तू जबाब द्यायचा, दोन मुली होत्या, मोठी वारली, धाकटीची नोंद केली नव्हती. गावच्या शिक्क्याचा एक कागद, तो पंगकाका लिहून देतील. मग मला माझं नाव मिळेल आणि माझ्या नावावर म्येनम्येनला तिचं. वीस दिवस लागतात.

शन म्हणाली, "आईला फक्त एकदाच जावं लागेल." आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बघून तिला स्वतःलाच हसू आलं.

आई, तू नवीन वर्षाला माझ्या पोटाकडे बघून म्हणाली होतीस, मुलगी झाली तर नाव "पुरे" ठेव. मी तेव्हा हसले होते. आता ते डोक्यात फिरत राहतं.

जा ना चौकीत.

दुओदुओ


दहावा महिना, सव्वीस तारीख

आई,

तुझं काही आलं नाही. मिरच्या पण नाहीत.

मी निघाले होते तुझ्याकडे. रेल्वेला चेहरा लागतो, लांबच्या बसला पण लागतो. मावशीच्या ओळखीचा एक गाडीवाला निघाला, लोकांना गुपचूप नेतो, पुढची सीट देतो म्हणाला. दीड दिवसाचा रस्ता. दुसऱ्याच बोगद्यात म्येनम्येन निळी पडली. ओठ नाही, आख्खी. नखं सुद्धा. गाडीवाल्याने बोगदा संपल्यावर गाडी थांबवली आणि म्हणाला, "वहिनी, उतरा. माझ्या गाडीत नको." मग त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, परत वळवली आणि इस्पितळाच्या दारात सोडलं. माझ्याकडून काही घेतलं नाही.

इथल्या इस्पितळाने दोन दिवस नळी लावून ठेवलं. चांगली माणसं आहेत. मोठ्या शहरात खाटेला विचारलं, त्यांनी एक खाट धरून पण ठेवली. मग पडद्यावर आलं, पालकाने चेहरा दाखवावा. मी दाखवला. नर्सने यंत्र पुसलं, मला उजेडात उभं केलं, परत दाखवला. डॉक्टरीणबाई स्वतः फोन घेऊन भांडल्या तासभर, "अहो, बाई माझ्यासमोर उभी आहे, पोरगी तिच्या अंगावर पितेय, अजून काय पाहिजे तुम्हाला?" तिकडचा माणूस म्हणत होता मला कळतंय मॅडम, पण पुढचं पानच उघडत नाही. संध्याकाळी सहाला खाट दुसऱ्याला गेली. आपोआप जाते.

काम नाही तरी मी लायब्ररीत येते. मावशी मला मागच्या, पुस्तकांचे खोके येतात त्या दाराने आत घेते. तिथे वरच्या मजल्यावर पोरं जुने कागद काचेवर ठेवून यंत्रात घालतात. इथल्या गावांच्या वह्या. ती काच रोज मी पुसायची, बोटांचे डाग राहू नयेत म्हणून. मला ते काम आवडायचं. वाटायचं, उंदीर खातील त्यापेक्षा हे बरं, कोणाचं नाव हरवणार नाही. काल बघितलं, एक पोरगा कानात गाणी लावून पानं उलटत होता. एका पानाला एक क्षण. कोणकोण मरत असेल त्यात, त्याला काय माहीत? चांगला पोरगा आहे. मला पाणी आणून दिलं.

आज सातव्या खिडकीवर गेले होते. नववी खेप. शन म्हणाली, "आईचं रक्त आलं का?" मी म्हटलं येतंय.

दुओदुओ


अकरावा महिना, आठ तारीख

हे जो कोणी वाचत असेल त्याला,

हे आईला वाचून दाखवू नका. पंगकाका असाल किंवा तुमची सून असेल किंवा गल्ल्यावर बसलेलं आणखी कोणी. आई समोर बसली असेल, भिंतीला टेकून, तळहातावर भोपळ्याच्या बिया घेऊन. तिला सांगा, दुओदुओने हवापाणी लिहिलंय, इथे धुकं पडतंय, मासे महागलेत. ओठ हलवा आणि मनात वाचा.

मला कळलंय की मागची कार्डं आई पूर्ण ऐकत नाही. पंगकाका, तुम्ही मधेच थांबत असाल. ती "बस" म्हणत असेल. मला तिचा "बस" इथून ऐकू येतो.

शुक्रवारी शन खिडकी बंद करून मागच्या गल्लीत आली. मी म्येनम्येनला पाठीला बांधून भिंतीच्या आडोशाला उभी होते. शनने गणवेशाचं जाकीट काढून पिशवीत घातलं, फोन पण पिशवीत घातला, पिशवी लांब ठेवली आणि मग बोलली.

"ताई, मी हे बोलले नाही."

"बरं."

"माझ्या पडद्यावर तुमच्यासाठी रकाना नाही. मी सगळे उघडून बघितले, जेवणाच्या सुट्टीत बसून. पण हिच्यासाठी एक आहे." ती म्येनम्येनकडे बघत नव्हती. "सापडलेलं मूल. आईबाप माहीत नाहीत. तो भरला की बालगृह पालक होतं आणि त्यांचा चेहरा यंत्राला चालतो. आजारी मुलांना ते ताबडतोब नेतात. त्याच आठवड्यात खाट मिळते."

मी म्हटलं, "आणि मग मी?"

"मूल सापडलेलं असतं, ताई. त्याला आई नसते."

"नंतर? माझं नाव झाल्यावर? मागता येईल ना?"

तिने लांब ठेवलेल्या पिशवीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "तोवर ती कोणाला दिली नसली तर." आणि रडायला लागली. मीच तिला रुमाल दिला. म्येनम्येनने तिचे केस पकडले, सोडेना, दोघींनी मिळून तिची बोटं सोडवली.

कालपासून मी हेच घोळवतेय. मला खड्ड्यात ठेवलं ते तरी आपल्या घरच्या खड्ड्यात. वरून ताई बोलायची. आईने मला कोणाला दिलं नाही, एवढं तिचं आहे, ते मी नाकारत नाही. पण माझ्याकडे वेळ नाही. डॉक्टरीणबाईंनी परवा पोरीच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला, सकाळी नऊला हॉल उघडतो. सात नंबरच्या समोर निळं बाकडं आहे. बुटकं यंत्र तिथूनच वळतं, ते आलं की ती हसेल, रडणार नाही. मी तिला तिथे ठेवीन. कापसाचं जाड जाकीट घालीन, खिशात म्येनम्येन असं लिहून ठेवीन. आडनाव लिहिणार नाही. शनला सांगितलंय, नवाच्या ठोक्याला तू वर बघ. मी दारातून बघीन ती उचलते का ते. काळ्या डोळ्यांना मी दिसेन, पण त्यांनी मला ओळखायचं कसं, मी तर नाहीच.

हे कार्ड मी आज लायब्ररीसमोरच्या हिरव्या पेटीत टाकतेय. आपल्या गावाला सहा दिवस लागतात, दरड कोसळली नसेल तर. म्हणजे चौदा तारखेला तुमच्या हातात. मग मध्ये शनिवार, रविवार. चौक्या रविवारी पण रक्त घेतात, शनने विचारून ठेवलंय. तेवढ्यात नाव होणार नाही, वीस दिवस लागतात, मला माहीत आहे. पण आईचा जबाब चढला की इथे पडद्यावर "तपास चालू" असं येतं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढं आलं तरी मी तिला गाडीत घालून स्वतः मोठ्या शहरात नेईन, मग बघू कोण अडवतं.

तेवढं एक आलं तर मी तिला बाकड्यावर ठेवणार नाही.

आई जाणार नाही. तिला एकच जण नेऊ शकतो. म्हणून सांगते, माझ्या भावाला फोन करा. रुइशंगला.

मला त्याचा नंबर माहीत नाही. आम्ही फोनमधल्या चित्रावर बोट ठेवून बोलायचो, आकडे कधी पाठ केलेच नाहीत. कचेरीत फोन करून आख्ख्या कचेरीला सांगायचं नाही, एवढं मी त्याच्यासाठी राखलंय. पण आईच्या चुलीमागे भिंतीवर त्याचा नंबर कोळशाने लिहिलेला आहे, नवीन वर्षाला पंगकाकांनीच लिहिला, मोठ्या आकड्यांत, आईला दिसावा म्हणून. मिठाच्या बरणीच्या वर. आईला सोडायला घरापर्यंत जा, म्हणा पाणी पितो, आणि आत जाऊन बघून या.

दुकानाबाहेर जाऊन करा. तो आधी विचारेल, आईला काय झालं. म्हणा, आई बरी आहे. मग त्याला सांगा की त्याला दोन बहिणी होत्या. एक तळ्यात गेली तेव्हा तो रांगत होता. दुसरीला मुलगी झालीय, त्याची भाची, तिचे कान अगदी त्याच्यासारखे आहेत, बाहेर आलेले. हे सगळं केलं तर त्याची नोकरी जाईल, हे पण सांगा. लपवू नका. आमच्या घरात लपवून झालंय. नाही म्हणाला तर मला राग नाही. पण त्याला विचारलंच नाही असं नको.

छ्याओ मावशीचा नंबर या कार्डाच्या पुढच्या बाजूला, पुस्तकाच्या नावाखाली लिहिलाय. ती सोमवारी सकाळी नऊपर्यंत फोन हातात धरून बसणार आहे.

आणखी एक. कोळशाच्या नंबरावर वाफ बसते. मी तिथून निघेपर्यंतच शेवटून दुसरा आकडा पुसट झाला होता, एक आहे की सात ते कळत नव्हतं. आधी एकने करा. नाही लागला तर सातने करा.